कोणता अंश खरा?

विधिमंडळाचे अधिवेशन सुरू झाले की मी तारांकित आणि अतारांकित प्रश्नोत्तरांच्या याद्या वाचायला घेतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी करून निवृत्त झालेल्या माणसाला त्या याद्यांत ओळखीची ठिकाणे भेटतात. अमुक ग्रामीण रुग्णालयातले सोनोग्राफी यंत्र बंद असल्याबाबत, तमुक आश्रमशाळेतील विद्यार्थिनींना विषबाधा झाल्याबाबत, अमक्या उपकेंद्राच्या इमारतीचे काम रखडल्याबाबत. वर्तमानपत्रात यातली एखादी गोष्ट येते, इथे त्या ढिगाने असतात आणि प्रत्येकीखाली शासनाचे उत्तर छापलेले असते. माझ्या तक्रारी या उत्तरांबद्दल आहेत. वरवर पाहता त्या किरकोळ वाटतील. मी मात्र त्या मनापासून करतो आहे, कारण गावातल्या माणसाचा सरकारशी रोजचा संबंध येतो तो शाळेत आणि दवाखान्यात, आणि या दोन ठिकाणांबद्दल त्याच्या वतीने सरकारला जाब विचारायची हक्काची जागा ही एवढीच आहे.

सगळ्यात जास्त खुपते ते 'हे अंशतः खरे आहे' हे उत्तर. ज्यांनी या याद्या पाहिलेल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. प्रश्न ठरावीक साच्यातला असतो. पहिल्या भागात घटना सांगून 'हे खरे आहे काय' असे विचारतात. मग 'असल्यास' म्हणून शासनाने चौकशी केली आहे काय, चौकशीत काय आढळून आले, त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, आणि शेवटी 'नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत'. हा साचा चांगला आहे. नीट उत्तर द्यायचे ठरवले तर त्यातून सगळे बाहेर येते. पण पहिल्या भागाला 'हे खरे नाही' म्हटले की उरलेल्या सगळ्या भागांना मिळून 'प्रश्न उद्भवत नाही' एवढे तीन शब्द पुरतात. आणि 'अंशतः खरे' म्हटले तर कोणता अंश खरा व कोणता नाही हे सांगायचे बंधन कोणी पाळत नाही.

समजा प्रश्नात म्हटले आहे की आरोग्य केंद्रात सर्पदंशाचे इंजेक्शन नव्हते, डॉक्टर हजर नव्हते, आणि रुग्णाला खासगी गाडीने तालुक्याला न्यावे लागले. उत्तर येते, अंशतः खरे. यातले काय खरे? इंजेक्शन नव्हते हे, की डॉक्टर नव्हते हे, की गाडी खासगी होती हे? ज्या घरातला माणूस गेला त्या घराला याचे उत्तर हवे असते. त्या उत्तरावर पुढचे सगळे अवलंबून असते. औषध नसेल तर खरेदीची व्यवस्था तपासायची, डॉक्टर नसेल तर पदभरतीकडे पाहायचे, रुग्णवाहिका आली नसेल तर १०८ च्या नोंदी काढायच्या. 'अंशतः' म्हणून हे तिन्ही रस्ते एकदमच बंद होतात. पुढे दोन ओळींत, राज्यातल्या सर्व आरोग्य केंद्रांना आवश्यक औषधसाठा ठेवण्याच्या सूचना दिल्या आहेत, असे लिहिलेले असते. सूचना दिल्या का हे कोणी विचारलेले नसते.

ही उत्तरे कशी तयार होतात ते मी खालच्या टोकाला बसून पाहिले आहे. अधिवेशनाच्या दिवसांत मधली सुट्टी संपता संपता केंद्रप्रमुखांचा फोन यायचा. "सर, एलएक्यू आलाय. चारच्या आत माहिती टाका ग्रुपवर. काही नसेल तर निरंक कळवा." तारांकित प्रश्न आमच्याकडे याच नावाने पोचतो. पाठोपाठ विहित नमुन्याचा तिरका, धूसर फोटो यायचा. शाळेचे नाव, यू-डायस क्रमांक, एकूण वर्गखोल्या, पैकी धोकादायक, पैकी निर्लेखनास मंजुरी मिळालेल्या, शेरा. वर लाल शाईत 'अत्यंत तातडीचे'. चौथीच्या वर्गाला गणिते घालून मी नमुना भरायला बसायचो. शिक्षण हक्क कायद्याच्या २७व्या कलमाने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढीच अशैक्षणिक कामे शिक्षकाला देता येतात. पण ज्या प्रश्नामुळे शाळेचे छत दुरुस्त होण्याची शक्यता आहे त्या प्रश्नाची माहिती भरताना मला कधी कंटाळा आला नाही. एक दुपार गेली तर गेली, असे वाटायचे.

आमच्या चार खोल्यांपैकी दोन पावसाळ्यात वापरता येत नव्हत्या. आढे खचले होते आणि एका भिंतीतून पाणी झिरपायचे. तिसरी-चौथीची मुले व्हरांड्यात बसायची, पावसाची झड आली की दप्तरे घेऊन पहिली-दुसरीच्या खोलीत सरकायची. निर्लेखनाचा प्रस्ताव गेला होता, अभियंत्याचा दाखला यायचा होता. मी धोकादायक या रकान्यात दोन लिहिले आणि शेऱ्यात मुले कुठे बसतात तेही लिहिले. पंचायत समितीतून विचारणा झाली की दाखला नसताना खोली धोकादायक कशी दाखवता. मी म्हटले, "साहेब, येऊन बघा." तालुक्याचा संकलित तक्ता वर गेला तेव्हा त्यात शेऱ्याचा रकानाच नव्हता, आणि दाखला नसलेल्या खोल्या 'दुरुस्तीयोग्य' मध्ये मोजल्या गेल्या. यथावकाश छापील उत्तर आले. तालुक्यातल्या वर्गखोल्या धोकादायक झाल्या आहेत हे अंशतः खरे आहे, आणि विद्यार्थ्यांचे शैक्षणिक नुकसान होऊ नये म्हणून पर्यायी व्यवस्था करण्यात आली आहे. पर्यायी व्यवस्था म्हणजे आमचा व्हरांडा.

या सगळ्यात कोणी एक माणूस ठरवून खोटे बोलला असे मी म्हणणार नाही. शाळेतून केंद्र, केंद्रातून पंचायत समिती, तिथून जिल्हा परिषद, मग विभागीय उपसंचालक, पुण्याचे शिक्षण आयुक्तालय, मग मंत्रालयातले कार्यासन, कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव, सचिव, आणि शेवटी मंत्री. प्रत्येक पायरीवरचा माणूस स्वतःच्या पायरीपुरते सावरून घेतो. खालून आलेला 'नाही' तो 'प्रगतिपथावर' करतो. त्याच्या वरचा 'प्रगतिपथावर'चे 'कार्यवाही सुरू आहे' करतो. माझी खरी हरकत याच्या मुळाशी आहे. ज्या कार्यालयाविरुद्ध तक्रार आहे त्याच कार्यालयाकडे उत्तराचा मसुदा मागितला जातो. डॉक्टर गैरहजर होते का, हे तालुका आरोग्य अधिकाऱ्याला विचारतात. औषधे का नव्हती, हे जिल्ह्याच्या औषध भांडाराला विचारतात. दुसऱ्या कोणी जाऊन पाहिले, रुग्णाच्या घरी विचारले, शाळेच्या पालकांशी बोलले, असे उत्तरात क्वचित दिसते. आमदाराच्या कार्यालयाने स्वतः माणूस पाठवून खातरजमा केली आणि मग उपप्रश्न विचारला, असेही मी फार कमी पाहिले.

आरोग्य केंद्राची गोष्ट याच धर्तीची आहे. आमच्या भागातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकाऱ्यांची दोन पदे आहेत आणि कागदावर दोन्ही भरलेली आहेत. त्यातले एक डॉक्टर प्रतिनियुक्तीवर दुसऱ्या रुग्णालयात काम करतात, पगार मात्र इथल्या पदावर निघतो. दुसऱ्या डॉक्टरांवर बाह्यरुग्ण, प्रसूती, शवविच्छेदन, शिबिरे, तालुक्याच्या बैठका आणि आठवड्याचे ऑनलाइन आढावे, एवढे सगळे येते. रात्री पोटुशी बाई आली तर परिचारिका तपासते आणि पुढे पाठवते. कोणी आमदाराने विचारले की इथले पद रिक्त आहे काय, तर 'हे खरे नाही' हे उत्तर कागदाप्रमाणे बरोबर ठरते. प्रतिनियुक्तीबद्दल सांगायचे की नाही, हे उत्तर लिहिणाऱ्याच्या मर्जीवर राहते. तीस हजार लोकवस्तीला एक प्राथमिक आरोग्य केंद्र, आदिवासी आणि डोंगरी भागात वीस हजारांना एक, असा निकष आहे. एका डॉक्टरच्या भरवशावर एवढी माणसे सोडलेली असताना त्या पदावर आज, या तारखेला, प्रत्यक्ष कोण बसते हे उत्तरात आलेच पाहिजे.

दुसरी एक गोष्ट मला फार त्रास देते, ती खात्यांच्या हद्दीची. लोकांच्या लेखी सरकारी दवाखाना एकच असतो. सरकारच्या लेखी तो तीन-चार खात्यांचा असतो. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात आग लागून १० बालके दगावली. ते रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाचे. ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात २४ तासांत १८ रुग्ण गेले. ते ठाणे महापालिकेचे, म्हणजे वर नगरविकास विभाग. सप्टेंबर संपता संपता नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात होते. ते वैद्यकीय शिक्षण विभागाचे. तिन्ही ठिकाणी माणसे उपचारासाठी सरकारच्या दारात आली होती. पण सरकारी दवाखान्यांतल्या मृत्यूंबद्दल एकत्र प्रश्न विचारावा म्हटले तर तो तीन तुकड्यांत तीन मंत्र्यांकडे जातो, आणि प्रत्येक जण आपल्या हद्दीपुरते बोलतो. शाळेचेही तसेच. जिल्हा परिषद शाळेची इमारत ग्रामविकासाच्या यंत्रणेकडे, शिक्षक आणि अभ्यासक्रम शालेय शिक्षणाकडे, आश्रमशाळा आदिवासी विकासकडे, तिथल्या मुलीला ताप आला की आरोग्याकडे. 'सदर बाब या विभागाशी संबंधित नाही' हे उत्तर वाचले की मला त्या मुलीच्या आईचा विचार येतो. तिने कोणत्या विभागाकडे जायचे होते?

भंडाऱ्यानंतर राज्यातल्या रुग्णालयांचे फायर ऑडिट करण्याचे आदेश निघाले. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली आणि ११ रुग्ण गेले. ऑडिट झाले काय, या प्रश्नाला 'होय' हे उत्तर खरे असू शकते. ऑडिटमध्ये सुचवलेली कामे झाली काय, त्यासाठी पैसे आले काय, आले तर कोणत्या महिन्यात, हे प्रत्येक वेळी वेगळे विचारावे लागते. विचारले नाही तर कोणी आपण होऊन सांगत नाही. प्रश्न विचारणाऱ्याने काय राहिले याचा अंदाज बांधायचा आणि सरकारने तेवढ्यापुरतेच बोलायचे, ही रीत मला पटत नाही. ज्या रुग्णालयात माणसे जळून मेली त्याबद्दलचे उत्तर तरी विचारल्यापेक्षा जास्त सांगणारे असावे.

दिल्लीतही हेच चालते. १४ सप्टेंबर २०२० रोजी लोकसभेत विचारले गेले की टाळेबंदीत घरी परतताना किती स्थलांतरित मजुरांचा मृत्यू झाला आणि त्यांच्या कुटुंबीयांना भरपाई दिली काय. उत्तर आले की अशी आकडेवारी ठेवलेली नाही, म्हणून भरपाईचा प्रश्न उद्भवत नाही. पुढच्या वर्षी २० जुलैला राज्यसभेत आरोग्य राज्यमंत्री भारती पवार यांनी लेखी उत्तर दिले. प्राणवायूअभावी मृत्यू झाल्याचे राज्यांनी आणि केंद्रशासित प्रदेशांनी वेगळे कळवलेले नाही, असा त्याचा आशय होता. त्या नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरीच्या खासदार होत्या. त्याआधी तीनच महिने, २१ एप्रिलला, नाशिकच्याच डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीतून गळती होऊन प्राणवायूचा पुरवठा थांबला आणि २२ रुग्ण गेले होते. आरोग्य हा राज्यांचा विषय, राज्यांनी कळवले नाही, म्हणून केंद्राकडे नोंद नाही. राज्याच्या लेखी तो अपघात. नियमाने सगळे बरोबर असेल, पण ज्यांचे माणूस खाटेवर श्वासासाठी तडफडून गेले त्यांना देशाच्या सर्वोच्च सभागृहाच्या कागदात जागा मिळाली नाही, आणि याचा मला आजही राग आहे.

उत्तरे द्यायला मंत्री हवा, आणि प्रश्न विचारायला तास हवा. कोविडच्या काळात मुंबईत दोन-दोन दिवसांची अधिवेशने झाली. सप्टेंबर २०२० मध्ये, त्याच डिसेंबरमध्ये, पुन्हा जुलै २०२१ मध्ये. आरोग्याबद्दल विचारण्यासारखे सगळ्यात जास्त ज्या काळात होते त्याच काळात विचारायला वेळ सगळ्यात कमी होता. साथीचे कारण मी समजू शकतो. डिसेंबर २०२४ चे मला समजत नाही. नव्या सरकारच्या मंत्र्यांचा शपथविधी १५ डिसेंबरला नागपुरात झाला, दुसऱ्या दिवशी हिवाळी अधिवेशन सुरू झाले, २१ तारखेला संपले, आणि खातेवाटप त्याच दिवशी, अधिवेशन आटोपल्यावर जाहीर झाले. विदर्भाच्या प्रश्नांसाठी म्हणून नागपूर कराराप्रमाणे तिथे अधिवेशन भरते. मेळघाटात कुपोषणाने मुले जातात हे सांगून सांगून लोक थकले. त्या आठवड्यात त्यांच्या वतीने कोणाला आरोग्यमंत्री म्हणून हाक मारायची होती, याचे उत्तर सभागृहात कोणाकडेच नव्हते.

विचारणाऱ्यांबद्दलही माझी तक्रार आहे, आणि ती मी मवाळपणे करणार नाही. अध्यक्ष प्रश्न पुकारतात आणि ज्यांच्या नावावर तो आहे ते सदस्य जागेवर नसतात. तालुक्यातल्या कोणा कार्यकर्त्याने कागद गोळा करून, खेटे घालून तो प्रश्न द्यायला लावलेला असतो. तो माणूस घरी मोबाइलवर थेट प्रक्षेपण लावून बसलेला असतो. कधी उपप्रश्नाऐवजी भाषण होते, मंत्री त्यातल्या सोयीच्या वाक्याला उत्तर देतात आणि पुढचा प्रश्न पुकारला जातो. कधी घोषणाबाजीत कामकाज तहकूब होते आणि पायऱ्यांवर फलक धरून छायाचित्रे निघतात. नांदेडच्या मृत्यूंनंतर हिंगोलीचे तेव्हाचे खासदार रुग्णालयात गेले आणि त्यांनी अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन त्यांच्याकडून स्वच्छतागृह साफ करून घेतले. ते दृश्य राज्यभर फिरले. औषध खरेदी आधी हाफकिन महामंडळाकडे, मग २०२३ च्या कायद्याने नव्या प्राधिकरणाकडे, या बदलाच्या मधल्या काळात रुग्णालयांना औषधे कशी मिळत होती, हा त्या दिवशी विचारायचा प्रश्न होता. तो अधिष्ठात्यांना विचारून भागले नसते, सरकारला विचारावा लागला असता.

शिक्षणाबद्दल विचारणाऱ्यांत संस्थाचालक बरेच असतात. अनुदानाचा टप्पा, तुकड्यांची मान्यता, शिक्षकेतर पदे यांवर सभागृहात जी कळकळ दिसते ती वाडीवरच्या दोनशिक्षकी शाळेच्या वाट्याला क्वचित येते. त्याला एक घटनात्मक कारणही आहे. आपल्या विधान परिषदेत ७८ सदस्य आहेत आणि त्यांतले ७ शिक्षक मतदारसंघांतून येतात. राज्यघटनेच्या १७१व्या कलमाने त्या मतदारसंघात मत द्यायचे तर माध्यमिक किंवा त्यावरच्या संस्थेत शिकवणारा शिक्षक लागतो. पहिली ते चौथी शिकवणाऱ्याला तिथे मत नाही. मी आयुष्यभर शिक्षक होतो, पण शिक्षकांचा आमदार निवडताना माझ्या बोटाला शाई लागली नाही. वाचनाची, अंकांची, पोषणाची सगळी लढाई प्राथमिक शाळेत होते आणि तिच्या बाजूने बोलायला बांधील असलेला माणूस वरच्या सभागृहात कोणी नाही. ही तरतूद बदलावी असे मला ठामपणे वाटते.

त्यात भर पडली ती जिल्हा परिषदांची. मार्च २०२२ मध्ये बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि पुढची काही वर्षे तिथे प्रशासक बसले. शिक्षण समिती नाही, आरोग्य समिती नाही, सर्वसाधारण सभेत उभे राहून गटशिक्षणाधिकाऱ्याला तोंडावर विचारणारा सदस्य नाही. शाळेतल्या नळाला पाणी नाही, हा प्रश्न जिल्ह्याच्या गावी अर्ध्या तासात सुटायचा. तोही मुंबईच्या यादीत जाऊन बसला, आणि यादी फुगली की सभागृहात प्रत्यक्ष पुकारले जाणारे प्रश्न त्यातले मोजकेच.

विचारून काही होत नाही, असे मात्र मी म्हणत नाही. २०२४ च्या जूनमध्ये शाळा उघडल्या तेव्हा 'एक राज्य, एक गणवेश' योजनेचे गणवेश बऱ्याच शाळांत पोचलेच नव्हते. जे आले त्यांच्या मापांबद्दल आणि शिलाईबद्दल पालकांनी तक्रारी केल्या, शिक्षक बोलले, सभागृहात आणि बाहेर आवाज झाला. त्याच डिसेंबरात गणवेशाचे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे देण्याचा निर्णय निघाला. पाठ्यपुस्तकांत नोंदींसाठी घातलेली कोरी पानेही अशीच गेली. पहिलीपासून तिसऱ्या भाषेचे दोन्ही शासन निर्णय सरकारने २९ जून २०२५ रोजी मागे घेतले, आणि पावसाळी अधिवेशन ३० जूनला सुरू होणार होते. सभागृहात उभे राहून उत्तर द्यावे लागणार आहे याचा धाक अजून शिल्लक आहे. म्हणूनच मला त्या 'अंशतः'ची आणि 'उद्भवत नाही'ची चीड येते. त्या धाकाला पळवाट देण्याचे काम ते शब्द करतात.

काय करता येईल, हे मी माझ्या परीने सांगतो. 'अंशतः खरे' असे लिहिल्यास कोणती बाब खरी व कोणती नाही हे लगेच पुढच्या वाक्यात लिहिणे सक्तीचे करावे, आणि नसेल तर अध्यक्षांनी तो प्रश्न राखून ठेवावा. पदांबद्दलच्या उत्तरात मंजूर आणि भरलेली यांबरोबर प्रत्यक्ष हजर, असा तिसरा आकडा यावा. एकाच घटनेत दोन-तीन खाती गुंतली असतील तर एका मंत्र्याने सगळ्यांच्या वतीने उत्तर द्यावे. ज्या कार्यालयाविरुद्ध तक्रार आहे त्याचा अहवाल जोडावा, पण उत्तर त्यावर बेतू नये. यातल्या कशालाही घटनादुरुस्ती लागत नाही.

आणि एक गोष्ट सगळ्यात आधी व्हावी असे मला वाटते. माहिती खालून वर जाते ती चार वाजायच्या आत. उत्तर मात्र वरून खाली कधीच येत नाही. माझ्या शाळेबद्दल सभागृहात काय सांगितले गेले हे मला कोणी कळवले नाही, ते मी स्वतः यादी शोधून वाचले. ज्या उपकेंद्राबद्दल, ज्या आश्रमशाळेबद्दल प्रश्न विचारला गेला तिथे त्या प्रश्नाची आणि उत्तराची प्रत पाठवावी. ग्रामपंचायतीच्या फलकावर ती लावावी, ग्रामसभेत ग्रामसेवकाने मोठ्याने वाचावी, आणि 'पर्यायी व्यवस्था करण्यात आली आहे' हे वाक्य ऐकून गावातले जे कोणी उठतील त्यांचे म्हणणे इतिवृत्तात लिहून घ्यावे. ते इतिवृत्त आमदाराकडे जावे. पुढच्या अधिवेशनातला उपप्रश्न त्यातून विचारला जावा.